चौकटीची भाकरी

कुशाबा मुंबईहून कायमचा परत आला, तेव्हा त्याच्या डोक्यावर ट्रंक नव्हती की वळकटी नव्हती. गोणपाटात गुंडाळलेली एक जड लोखंडी वस्तू होती. दासगावच्या बंदरात आगबोटीतून उतरल्यावर महाड, पोलादपूर आणि पुढे आमच्या कुडपणचा सगळा चढ, एवढ्या वाटेत आपण ती वस्तू एकदाही खाली टेकवली नाही, असं तो सांगतो. 'असं तो सांगतो' हे शब्द कुशाबाच्या बाबतीत हाताशी ठेवलेले बरे. मी त्याचा सख्खा शेजारी. आमच्या दोन घरांच्या मध्ये शेणाने सारवलेला एक कूड तेवढा आहे. तिकडे कुणाला ठसका लागला की इकडे आमची बायको पाण्याचा तांब्या घेऊन उठते. त्यामुळे मी जे लिहितोय त्यातलं अर्धं डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि अर्धं कानांनी ऐकलेलं. चोरून ऐकलं असं कुणी म्हणू नये. कूडच पातळ आहे, त्याला मी काय करणार?

कुशाबा मुंबईत मलबार हिलवर एका साहेबाच्या बंगल्यात होता. काय होता, तर खानसामा. म्हणजे साहेबाचा स्वयंपाकी. शिमग्याला तो गावी आला की आम्ही होळीपेक्षा जास्त त्याच्याभोवतीच जमायचो. साहेब सूप कसं पितो, मडम कटलेट सुरीने कसं कापते, साहेबाने एकदा खूश होऊन त्याची पाठ कशी थोपटली, हे सगळं आम्ही दरवर्षी ऐकायचो, आणि दरवर्षी साहेब थोडा जास्त खूश झालेला असायचा. आमच्याकडे गावजेवण असलं की बाप्येच चुलवणावर उभे राहतात. कुशाबाला कुणी म्हटलं, "बाबा, तू तर कसलेला, भाताचं तेवढं बघ," तर तो हात जोडायचा. "आमचा हात दोन मानसांच्या सायबी जेवनाचा, गावच्या काईलीला चालायचा नाय." आम्हाला ते पटायचं. एवढा मोठा खानसामा, त्याला काय काईल ढवळायला लावायची!

त्याची बायको रखमा मात्र फारशी भाळलेली दिसायची नाही. नवरा मुंबईत असताना तिने नाचणी-वरीची शेती केली, म्हैस सांभाळली, सासूचं शेवटचं दुखणं काढलं आणि आवडी नावाची एक चुणचुणीत पोर वाढवली. कुशाबा वर्षातून एकदा यायचा आणि आमटीचा पहिला घास घेऊन म्हणायचा, "सायबाकडं असं नसतं." कुडापलीकडून रखमाचं उत्तर ठरलेलं यायचं. "मंग सायबाकडं जावा." तो शिमगा संपला की खरंच जायचा, म्हणून भांडण कधी वाढलं नाही.

यंदा साहेब नोकरी संपवून विलायतेला गेला. जाताना त्याने घरातल्या वस्तू नोकरांना वाटल्या. कुणाला घड्याळ मिळालं, कुणाला कोट मिळाला. कुशाबाच्या वाट्याला ती लोखंडी वस्तू आली. गोणपाट सोडलं तेव्हा सगळी वाडी वाकून बघत होती. दोन बिडाचे तवे, पुस्तकाच्या पुठ्ठ्यांसारखे बिजागरीने जोडलेले, त्यांना दोन लांब दांडे, आणि आतून दोन्हीकडे चौकोन चौकोन. रंगाने काळाकुळकुळीत. वाडीतले म्हातारे गोमाजी पुढे झाले. गावातल्या कुठल्याही गोष्टीत आधी त्यांना बोट लावू द्यावं लागतं.

"कुशाबा, ह्यात काय उंदीर पकडतात रे?"

"वाफल करतात, गोमाजीकाका. सायबाची न्याहारी."

ते वाफल प्रकरण त्याने दुसऱ्याच आठवड्यात करून दाखवलं. त्यासाठी महाडच्या बाजारातून गहू आणले. आमच्या डोंगरात गव्हाचं दर्शन होळीच्या पोळीला व्हायचं तेवढंच. रखमाने गहू जात्यावर दळले आणि चाळण घेतली, तर कुशाबाने ती हातातून काढून घेतली.

"कोंडा काढायचा नाय. मडमचं पोट बिघडायचं, म्हनून डाक्टरनं तिला कोंड्यासकटच पीठ सांगितलं व्हतं."

रखमा बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "सायबाची बायको कोंडा खाते?"

"आवडीनं खाते."

"आन आपन म्हशीला घालतो," रखमा म्हणाली आणि चाळण खुंटीला अडकवून मोकळी झाली.

त्या पिठात दूध, लोणी, किसलेला गूळ, चिमूटभर खायचा सोडा आणि अंडी. अंड्यांपाशी अडचण आली, कारण गोमाजींचा सोमवार होता. पण त्यांना ते वाफल सोडवेना. कुशाबा अंडं फोडत होता तेवढा वेळ ते पाठ करून बसले आणि वरच्या माळावरची गवतं यंदा कशी आहेत ते बघत राहिले. आपण जे पाहिलं नाही ते त्यात नाही, असा त्यांचा हिशोब होता. पुढे खाताना त्यांनी दोनदा मागून घेतलं.

कुशाबाने साचा निखाऱ्यांवर तापवला, पळीभर पीठ ओतलं, झाकला, उलटला, थोडं थांबला आणि उघडला. आतून खमंग, लालसर, चौकटीचौकटीची भाकरी अलगद सुटून ताटात पडली. खरं सांगतो, मला हेवा वाटला. वर साजूक तूप आणि डोंगरातला मध. गोमाजींनी विचारलंच, "भाकरीला खळगं कशाला पाडायचं?" कुशाबा म्हणाला, "मध ऱ्हावा म्हनून." यावर गोमाजी मान हलवत राहिले. इतकी वर्षं सपाट भाकरीवरून मध ओघळून कोपरापर्यंत जात होता आणि कुणाला काही सुचलं नव्हतं. वाफल हे नाव आमच्या तोंडात बसलं नाही. सगळे तिला चौकटीची भाकरी म्हणू लागले, आणि तिचा बोलबाला घाट उतरून खाली खोऱ्यात गेला.

आता खोऱ्यातल्या लोकांबद्दल थोडं सांगायला हवं. सावित्रीकाठी ज्यांची भातखाचरं आहेत, ती माणसं आम्हा डोंगरवाल्यांकडे मान वर करून बघतात आणि तरी खाली बघितल्यासारखं करतात. ही कला त्यांनाच साधलेली आहे. डोंगरातली मुलगी करायची म्हटलं की त्यांच्या बायका नाक मुरडतात. त्यातल्याच येसाजी नावाच्या एका खातेदाराचा मुलगा दत्ताराम, याच्यासाठी आवडीचं बोलणं लागलं. मध्यस्थ गोमाजी. त्यांनी तिकडे आवडीचं रूप सांगितलं नाही, काम सांगितलं नाही. एकच सांगितलं. मुलगी सायबाच्या खानसाम्याची आहे. येसाजींना ते पसंत पडलं. चार बैलजोड्यांच्या घराला खानसामा व्याही शोभून दिसेल, असं ते म्हणाले. येतो, मुलगी बघतो, व्याह्याच्या हातची ती चौकटीची भाकरी खातो आणि मगच सुपारी फोडतो.

आवडीला दत्ताराम आवडला होता. महाडच्या बाजारात तिने त्याला पाहिलं होतं आणि त्यानेही तिला. हे मला माझ्या बायकोकडून कळलं आणि तिला कसं कळलं ते विचारू नये. तेव्हा आता सगळं त्या भाकरीवर आलं. भाकरी उतरली तर लग्न, नाही तर खोऱ्यातले लोक हात झटकून घाट उतरणार आणि आवडीचं नाव दोन्हीकडच्या पाणवठ्यांवर निघणार. ही गोष्ट पोरीला कळत होती. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तिने दोनदा बापाला विचारलं, "बा, नीट हुईल ना?" कुशाबाने मिशीवरून हात फिरवला. "अगो, माजा हात कदी चुकलाय?"

आदल्या दिवशी दुपारनंतर रखमा आणि आवडी दूध, तूप, ताटं गोळा करायला वाडीभर हिंडत होत्या. कुशाबा घरात एकटा. मला कुडापलीकडून घसघस घसघस असा आवाज येत होता. मला वाटलं, करवतीचं काही चाललंय. ते काय होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी येसाजी आले. जाडजूड, भरगच्च पागोट्याचे, बरोबर बायको बयाबाई आणि दोन भाऊबंद. पुरुष पडवीत बसले, बयाबाई आत गेल्या. मुलगी बघून झाली, पसंत पडली. मग कुशाबाने अंगणात तीन दगडांवर विस्तव केला. आत चुलीवर करायचं सोडून अंगणात, कारण सगळ्यांना दिसायला पाहिजे. अंगावर मुंबईचा पांढरा कोट. त्याने फडक्यात गुंडाळलेला साचा बाहेर काढला आणि पडवीतले सगळे "वा!" म्हणाले. साचा रुप्यासारखा लखलखत होता. काळ्याचा ठिपकासुद्धा कुठे उरला नव्हता. पाहुण्यांपुढे काळं भांडं कसं न्यायचं, म्हणून कुशाबाने राख, वाळू, चिंच आणि काथ्या लावून तो आतून, बाहेरून, चौकोनाचौकोनातून घासला होता.

पीठ ओतलं. झाकला. उलटला. उघडला. अर्धी भाकरी वरच्या तव्याला, अर्धी खालच्या तव्याला.

कुशाबा हसला. "पयली सायब कुत्र्याला घालायचा." सळईने खरवडून त्याने दुसरी घातली. दुसरीचेही दोन तुकडे झाले. तिसरीचे किती झाले ते मोजण्यासारखं नव्हतं. अंगणात धूर झाला. येसाजींचे भाऊबंद एकमेकांकडे बघू लागले. गोमाजी आपण या गावचेच नाही असं तोंड करून बसले. आतून आवडीचं मुसमुसणं ऐकू येत होतं. कुशाबाच्या पांढऱ्या कोटाला घाम फुटला होता आणि तो वेड्यासारखा त्याच त्या सळईने तेच ते चौकोन खरवडत होता.

तेवढ्यात रखमा बाहेर आली. तिने साचा पाहिला आणि जागच्या जागी थांबली. आमच्याकडे प्रत्येक बाईला माहेरून बिडाचा तवा मिळतो. घावन करून करून, तेल पिऊन पिऊन तो काळा होतो आणि तो काळा झाला म्हणूनच घावन सुटतं. असा तवा कुणी राखेने घासत नाही. लहान पोरीला पहिल्यांदा चुलीपुढे बसवतात तेव्हा तेच आधी बजावतात. रखमाने एकवार नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मग ती पदर सावरून पाहुण्यांकडे वळली.

"चूक माजी हाय. मीच काल सांजच्याला घासला. मला वाटलं, पावन्यांम्होरं चकचकीत दिसंल."

झालं, गोमाजींना आधार सापडला. "अगो रखमा! सायबाची वस्तू, आन राख लावून घासलीस? खानसाम्याची बायको तू!"

येसाजी पोट हलवत हसले. "व्याही इतकी वर्सं सायबाकडं ऱ्हाऊन शिकले, पर घरात शिकवाया इसरले. बायकांला अक्कल कुटली? हाताला येईल ते घासायचं, येवडंच म्हाईत."

पडवीत सगळे हसले. मीही हसलो असेन. कुशाबा सुटला होता. त्याने फक्त गप्प बसायचं होतं, मान हलवायची होती, "काय करनार, बाईमानूस" एवढं म्हणायचं होतं. रखमा खाली मान घालून साच्यातले जळके तुकडे बोटाने काढत होती. कुशाबा तिच्याकडे बघत राहिला. त्याने सळई खाली ठेवली.

"थांबा. तिनं नाय घासला. मी घासला."

"तू कशाला घासशील?" गोमाजी म्हणाले. "तू खानसामा."

"मी खानसामा नव्हतो." कुशाबाचा आवाज फाटला. "मी मसालची व्हतो. भांडी घासायचो. वीस वर्सं बंगल्यावर भांडीच घासली. चुलीपाशी मला कुनी हुभा करत नव्हता. खानसामा दुसरा व्हता, गोव्याचा. तो वाफल करायचा तवा मी मोरीच्या दारातनं बगायचो. बगून बगून शिकलो. समदी भांडी माज्याकडं यायची, ह्यो साचा तेवडा कदी येत नव्हता. मला वाटायचं, तो द्याया इसरतोय."

अंगणात कुणी हसलं नाही. येसाजींनी पागोटं दोन्ही हातांनी नीट केलं. आमच्याकडे पाहुण्याने असं पागोटं नीट केलं की तो उठणार. भाऊबंदांनी वहाणांकडे पाहिलं. आवडीचं मुसमुसणंही थांबलं. आता खरंच सगळं संपलं असं मला वाटलं.

"बसा खाली," आतून आवाज आला. बयाबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या. पुरुषमंडळींत सहसा असं कुणी बोलत नाही, म्हणून सगळे दचकले. "पागोटं काय नीट करता? ह्यांनी खानसामा सांगितलं. तुमी काय सांगितलंत?"

"काय सांगितलं?"

"चार बैलजोड्या. कुटं हायत चार? दोन हायत. त्यातला येक बैल माज्या भावाचा. चाऱ्याला आनून बांधलाय."

येसाजींचं तोंड उघडं राहिलं. गोमाजींना मध्यस्थ म्हणून दोन्हीकडे तोंड लपवायला जागा उरली नाही, म्हणून ते पुन्हा वरच्या माळावरची गवतं बघू लागले. भाऊबंदांपैकी एक आधी खोकला, मग फुसकन हसला, आणि मग हसू पडवीभर झालं. शेवटी येसाजीही हसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

तोवर रखमाने इकडे आपलं काम सुरू केलं होतं. तिने कांदा अर्धा कापून काडीला टोचला, तेलात बुडवला आणि तापलेल्या साच्यावर चौकोनाचौकोनातून फिरवला. धूर निघाला की पुसला, पुन्हा तेल, पुन्हा कांदा. असं बराच वेळ केलं. पडवीतल्या लोकांचं बोलणं आता पावसापाण्यावर आणि लग्नाच्या तिथीवर गेलं होतं. पहिली भाकरी थोडी फाटली. दुसरी कडेला चिकटली. तिसरी अख्खी सुटून ताटात पडली, लालसर, चौकटीचौकटीची. ती बयाबाईंच्या पुढे गेली. त्यांनी सगळ्या खळग्यांत मध भरला, सावकाश खाल्ली आणि म्हणाल्या, "सुपारी फोडा."

सुपारी फुटली. पाहुणे जेवून, आवडीच्या हातावर साखर ठेवून, ऊन उतरायला लागलं तसे घाट उतरून गेले. वाडीतले लोकही गेले. कुशाबाला आता आयुष्यभर काय ऐकून घ्यावं लागणार याची आम्ही जाताजाताच तयारी चालवली होती. गोमाजींनी तर जाहीरही केलं की पुढच्या गावजेवणाला कुशाबाला काईल ढवळायचं काम नाही. ती घासायचं आहे.

मी घरात येऊन टेकलो होतो.  कुडापलीकडून रखमा बोलली, हळू.

"येवड्या वर्सांत येकदा तरी मला सांगायचं व्हतं."

"लाज वाटायची गो."

"कसली?"

"भांडी घासतो म्हंजी… बाप्यामानसानं… बोलायचं कसं? वाटायचं, तू काय म्हनशील."



"मी पन हितं तेच करत व्हते," रखमा म्हणाली. "रोज दोन टाइम. माजीबी लाज वाटत व्हती तुमाला?"

कुशाबाकडे नेहमी उत्तर असतं. मी त्याची वाट बघत होतो. माझी बायको हातातलं पाखडायचं सूप तसंच धरून कुडाकडे बघत उभी होती.  आला तो भांडी गोळा केल्याचा आवाज. परात, टोप, पाहुण्यांची ताटं.

"ऱ्हाऊ द्या," रखमा म्हणाली. "श्येजारी बगतील."

"बगू देत."

"बरं, साचा तेवडा नका न्हेऊ."

आणि आम्ही बघितलं. बाहेर अजून उजेड होता. कुशाबा मुंबईचा पांढरा कोट काढून ठेवून अंगणाच्या कडेला उकिडवा बसला होता आणि परात घासत होता. काय घासत होता म्हणून सांगू, त्याचा हात बघतच राहावा. रखमा उंबऱ्यावर बसली होती. या घरात लग्न होऊन आल्यापासून जेवणानंतर ती नुसती बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. हातांचं काय करावं ते तिला समजत नव्हतं. शेवटी तिने ते मांडीवर ठेवले.